कपांचा तपासनीस

दवाखान्याच्या बाकावर बसून नवरा पेन शोधत होता आणि पेन होतं त्याच्याच कानावर. बायकोने ते काढून त्याच्या हातात दिलं. अर्धा तास झाला, अर्जावर अजून नुसती नावं लिहून झाली होती.

रक्ताच्या तपासणीत बाळात जन्मजात दोष असल्याची शंका निघाली होती. शक्यता ऐंशीत एक. खात्री करायची तर पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी काढायचं, आणि सुईचाही थोडा धोका होताच. "करा किंवा करू नका, तुम्ही दोघं बोलून ठरवा," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

आणि घोडं अडलं होतं ते बोलण्यापाशीच. नवरा कपांच्या कारखान्यात तपासनीस. दिवसभर एकेक कप फिरवून, पेन्सिलीने वाजवून बघायचा. खणखणीत तो पेटीत, बाकीचे बाजूला. दहा वर्षांत एक खोट त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. तपासणी तिलाही हवी होती. पण बाजूला काढणं हाच ज्याचा धंदा, तो पुढे काय म्हणेल, याची तिला धास्ती होती.

"आधी कळलेलं बरं. तयारीला लागता येतं," तो म्हणाला. "तुला काय वाटतं?"

"कळू दे की. पण कळल्यावर तू..." तिने पुढचं गिळलं. "लिही बाबा, लिही."

त्याने मान खाली घातली आणि कारखान्यातल्यासारखा भराभर अर्ज भरून सिस्टरकडे दिला.

सिस्टर वाचता वाचता हसल्या. "अहो, 'दोष आढळल्यास पुढे काय ठरवले आहे?' यापुढे हे काय लिहिलंय? 'घरी नेणे'?"

नवरा कानापर्यंत लाल झाला. "सवय हो, सिस्टर. आमच्या चिठ्ठीवर असाच रकाना असतो. बाजूला काढलेल्या कपाचं काय करायचं? फोडणे, विकणे की घरी नेणे. माझा हात आपला तेच लिहितो. द्या, खोडतो."

बायकोला घरचं फडताळ आठवलं. वाकड्या कानाचे, बसक्या बुडाचे, रंग ओघळलेले एकोणीस कप. घरात धड असा एक कप नाही, म्हणून ती रोज त्याच्या नावाने खडे फोडायची. तिला एकदम हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले.

सिस्टरनी पुढे केलेला अर्ज तिने मधल्यामध्ये पकडला.

"खोडलंस तर याद राख," ती म्हणाली, आणि त्याच्या कानावरचं पेन काढून तिने खाली सही ठोकली.