विशेष महत्त्व नाही

"ही खोली कधी बांधली, एवढं सांगा म्हणजे सुटले मी," मिस ऑकली म्हणाली. जुन्या इमारतींच्या खात्यातली ही बाई सकाळपासून शाळेचा दगडन् दगड लिहून घेत होती. घंटेचा मनोरा झाला, कमानीच्या खिडक्या झाल्या, मुलांचं आणि मुलींचं वेगवेगळं दार झालं. राहिली होती ती अंगणाच्या कोपऱ्यातली बिनखिडकीची, विटांची खोली. जुलै अठ्ठेचाळीसच्या आधीची असली तर शाळेबरोबर तिलाही कायद्याचं संरक्षण. नंतरची असली तर खुशाल पाडा.

कागदपत्रं कुठे नव्हतीच. त्या काळचा एकच विद्यार्थी गावात उरला होता, एकोणनव्वद वर्षांचा विल्फ थ्वेट.

"सांगा ना बाबा, पन्नासची म्हणून," त्याच्या लेकीनं, मोरीननं, हळूच ढोसलं. "एरवी तर तिच्या नावानं बोटं मोडत असता."

शाळेला तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. विल्फला फक्त ती खोली जायला हवी होती. ती दिसू नये म्हणून जन्मभर तो लांबच्या वाटेनं दुकानात गेला होता.

"पन्नास," तो म्हणाला. "मीच विटा वाहिल्या."

चक्क खोटं. पण छाती धडधडली नाही, की सुटल्यासारखंही वाटलं नाही. आत काही हलतच नव्हतं. मोरीन पुटपुटली, "टळली एकदाची ब्याद." त्यानं नुसती मान डोलावली.

मिस ऑकलीनं लिहिलं आणि रीतीप्रमाणे वाचून दाखवलं. "कोळशाची खोली. सन एकोणीसशे पन्नास. विशेष महत्त्व नाही. इथे सही करा, मिस्टर थ्वेट."

विल्फनं पेन घेतलं. शेवटची ओळ स्वतः वाचली. पेन परत दिलं.

"काय झालं? चष्मा देऊ का?" मोरीननं विचारलं.

"खोडा ते," तो मिस ऑकलीला म्हणाला. "सत्तेचाळीसच्या बर्फातही होती ही खोली."

"मग ती पाडता येणार नाही, बरं का."

"नकाच पाडू. कोळसा कधी नव्हता हिच्यात. हेडमास्तर पोरं कोंडायचे. त्या बर्फात रेजीला कोंडलं, माझ्या धाकट्या भावाला. इथेच गारठला आणि आठवड्यात गेला."

"रेजीकाका तापानं गेला म्हणायचात ना?" मोरीन म्हणाली.

"तापानंच गेला." त्याचा आवाज सपाट होता. "चारला उघड म्हणून किल्ली माझ्याकडे दिली होती, पोरी. मी बर्फात घसरगुंडी खेळत बसलो."