सीलबंद तक्रार

लोकांचा राग मोजणाऱ्या यंत्राचा काटा अभियंता सरोदेंच्या नावापुढे नव्वदवर गेला. नव्वद झाले की भ्रष्टाचारविरोधी खात्यानं अटक करायचीच, असा नवा कायदा होता. पण सरोदेंविरुद्धची तक्रार निरीक्षक मृदुला खानविलकरांनी आत्ताच दोन पंचांसमोर सीलबंद केली होती. लाख अजून गरम होती.

“मॅडम, पब्लिक खवळलंय. निघू या,” हवालदार घोरपडे म्हणाले.

“बाहेर कुणाला पत्ताच नाही, मग खवळलंय कोण?” मृदुलाबाईंनी यंत्राच्याच चौकशीचा आदेश लिहायला घेतला.

पहिली ओळ पुरी होते न होते तोच यंत्रावर सरोदेंच्या खाली दुसरं नाव उमटलं: मृदुला खानविलकर. सत्तर. ब्याऐंशी.

घोरपड्यांनी बेड्या हातात घेतल्या आणि ते काट्याकडे बघत उभे राहिले.