वैशाखातली हरळी

बबनराव पाटलांनी अकोल्याला गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात पाहून घरामागं संडास बांधला, तेव्हा साऱ्या शिरपुरानं नाकं मुरडली. तुळसा पाटलिणीनं मात्र त्याच्या मैलाखड्ड्यावर रानातली हरळी अन् तरवड आणून लावली. भर वैशाखात गाव करपलं तरी तिची हरळी आपली हिरवीगार, पुढं पुढं सरकत चाललेली! तिला कोण कौतुक.

गावात पटकीची साथ आली. पाटलिणीनं सुनेला बजावलं, "पोराले बाहीरचं पाणी देऊ नको वं. आपल्याच इहिरीचं पाजजो."

चौथ्या दिवशी नातू पटकीनंच गेला. त्याच्यावर वाहायला पाटलीण तरवडाची फुलं तोडू लागली, आणि हात तिथंच थांबला.



खड्ड्यापासून निघालेली हरळी थेट विहिरीच्या काठाला भिडली होती.