फुललेली फांदी

या एका कवितेपासून कवीला बरंच मिळायचं होतं. देशभर थेट प्रसारण, पुढेमागे शाळेच्या पुस्तकात जागा, आणि पन्नाशी उलटली तरी त्याला ‘होतकरू’ म्हणणाऱ्यांची तोंडं एकदाची बंद.

रेडिओ केंद्रात, स्टुडिओला लागून असलेल्या खोलीत तपासणी अधिकारी त्या कवितेवर लाल पेन्सिल फिरवत होता. युद्ध सुरू झाल्यापासून त्याच्या नजरेखालून गेल्याखेरीज एक शब्द बाहेर पडत नसे. शत्रूही हेच केंद्र कान देऊन ऐकतो, म्हणून तर त्याची नेमणूक. माघारी सगळे त्याला कात्रीसाहेब म्हणत. जागा ओळखू येईल असं काही राहू नये म्हणून त्याने नदी खोडली, पूल खोडला, टेकडी खोडली. प्रेतांची पानगळ मात्र त्याला आवडली. मग पेन्सिल एका कडव्यावर अडली.

सारं पठार राख झालं, एक काळं झाड उभं,
एकच फांदी त्याची लाल फुलली,
मुळांशी मुलं निजली, डोळे उघडे ठेवून.

“हे झाड खरं आहे?”

झाड खरं होतं. आघाडीवरून रजेवर आलेला भाचा जेवताना बोलून गेला होता, मामा, तिकडे तेवढं एकच झाड उरलंय आणि त्याच्याखालीच आमचा खंदक आहे. बोलला आणि जीभ चावली. मग कुणाला सांगू नकोस म्हणून गळ्याची शपथ घातली.

झाडाच्या जागी खडक घालून बघावा, असं कवीच्या मनात आलं. पण खडक फुलत नाही. आणि फांदी गेली की कवितेत उरणार काय, नुसता धूर.

“कल्पना आहे, साहेब,” तो म्हणाला. “मरणातून जीवन, असं काहीतरी.”

“तुमचं बरंय बुवा. आम्हाला सगळं खरंखुरं लागतं.” कात्रीसाहेब हसला आणि त्याने शिक्का मारला.

कवीने वाचलं. त्या कडव्याशी त्याचा आवाज कापरा झाला, आणि ऐकणाऱ्यांना ते फारच भिडलं.

तो स्टुडिओतून परतला तेव्हा भाच्याची आई, म्हणजे कवीची थोरली बहीण, बाहेरच्या बाकावरून उठून खोलीत आली होती. डोळे पुसत, पण चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

“आमच्या पोराचं झाड अगदी समोर उभं केलंस रे,” ताई म्हणाली. आणि कात्रीसाहेबाकडे वळून, “त्याच्या खंदकावरचंच आहे हो ते. लेकाने सांगितलं तेव्हा मीच वाढत होते.”

कात्रीसाहेबाने कवीकडे एकदाच पाहिलं. मग फोन उचलून आघाडीवरचं ठाणं मागितलं.

पलीकडची ऑपरेटर म्हणाली, एकही लाइन मोकळी नाही, सगळ्या गावाला कवींचं अभिनंदन करायचंय.

“तोडा सगळे फोन.”

“तोडतेच आहे, साहेब. एक तोडला की दुसरा लागतोय.”

मिळायचं ते सगळं कवीला मिळून गेलं होतं. त्याची किंमत भरायचं जिच्या वाट्याला आलं, ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“पुन्हा एकदा लावतील का रे?” तिने विचारलं. “तिकडे पोराला ऐकू गेलं नसलं तर?”