तीन शिट्ट्या

आवडत्या मेटल बँडचे जुने अल्बम रीमास्टर होऊन आले, तसा खाप्याचा सौरव ते ऐकायला मनीषनगरात गिरिधरकडे आला. पहिला अल्बम दोघांनाही झकास वाटला. दुसऱ्यातलं तिसरं गाणं लागलं आणि सौरवचं तोंड उतरलं.

"कुकरच्या शिट्ट्या काहून काढल्या बे यांनी? मेटलमधे कुकर वाजवाची हिंमत यांच्याशिवाय कोणात होती?"

गिरिधरला हसू फुटलं. मूळ सीडीत शिट्ट्या नव्हत्याच. कॉलेजात असताना सौरवसाठी ती सीडी त्यानंच स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेटवर उतरवली होती, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत.

"थांब, ऐकवतो तुले." सौरवनं पिशवीतून तीच कॅसेट काढून लावली. ड्रम थांबले, तीन शिट्ट्या झाल्या, आणि गिटारच्या गोंगाटामागून एक बाई काहीतरी पुटपुटली.

"ही बाई कोणत्या भाषेत बोलते, ते मले आजवर नाही समजलं."

गिरिधरला मात्र शब्द न् शब्द समजला. 'गिरू, गॅस बंद कर गा.'

त्यानं टेप मागं घेतली. पुन्हा घेतली. मग सौरवचा हात घट्ट धरला.

"लय उपकार झाले गा तुझे."

आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात तिचे फोटो ढीगभर होते, आवाज एकही नव्हता.