सासऱ्यांची डावी बाजू

लोकांना गाडी शिकवताना आयुष्यभर "डावीकडे बघ!" म्हणून ओरडलेल्या माझ्या सासऱ्यांना स्ट्रोकनंतर डावी बाजू असते याचाच विसर पडला. डोळे उत्तम होते, पण मेंदू तिकडची दखलच घेत नव्हता. ते ताटाच्या उजव्या अर्ध्यातलंच जेवायचे, दाढी उजव्या गालाचीच करायचे. म्हणून घरात सगळे त्यांच्या उजवीकडे बसायचे. डावीकडे मी एकटा. लग्न झाल्यापासून इतकं शांत जेवण मला पहिल्यांदाच मिळत होतं.

काल त्यांच्या मेंदूतल्या रक्तप्रवाहाचं स्कॅन पुन्हा केलं. मागच्या वेळी निळा दिसलेला भाग या वेळी हिरवा आला.

"रक्त नीट पोचतंय," डॉक्टर म्हणाले. "पण लक्ष परत आलं का, ते चित्रात दिसत नाही. ते तुम्हालाच घरी कळेल."

आज जेवताना बायकोने नेहमीसारखं त्यांचं ताट फिरवायला हात पुढे केला. त्यांनी तो अडवला. मान हळूहळू डावीकडे वळली. आधी उरलेली भाजी, मग पाण्याचा पेला, मग माझं कोपर, मग मी.

"अगं," ते सासूबाईंना म्हणाले, "जावईबापूंनी माझा शर्ट का घातलाय?"

सासूबाई रडायलाच लागल्या. बायकोने वडिलांना मिठी मारली. "बाबा, अजून काय दिसतंय?"

"घड्याळपण माझंच आहे."

मी तिथल्या तिथे दोन्ही काढून दिली. उघड्या अंगाने जेवताना इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.