चहातली गोळी

"बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची लागते," म्हणून भगवानराव गोळीला शिवतही नसत. शेवटी आशाबाईच रोज सकाळी एक गोळी कुटून, चोरून, त्यांच्या चहात कालवू लागल्या.

आज भगवानरावांना भोवळ आली. धाड गावच्या दवाखान्यात पाहिलं तर प्रेशर उतरून नव्वदवर, आणि नाडी जेमतेम अडतीस!

"बीपीची गोळी जास्त झाली की नाडी अशी बुडते. रोज किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

आशाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "एकच हो, सायेब. मीच चहात टाकते. यायले मालूम नाही."

 

भगवानरावांनी बंडीच्या खिशातून गोळ्यांची अर्धी पट्टी काढली. "गोळी घेतानी पाह्यलं तं दुखणं वाढलं म्हणून तू भेशीन, म्हणून मी बी रोज एक चोरूनच घेऊन राह्यलो व..."